उलटा ओटा

३ फेब्रुवारी

या घराच्या निम्म्या मालकिणीस,

सोबत दोन कागद आहेत. पहिल्यावर जिथे फुली मारली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. दुसरा नकाशा आहे, तो पाहिला नाहीस तरी चालेल. अकरा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही आणि आताही मागत नाही. वसाहतीच्या समितीचा नियम असा की अंगणात चार विटा रचायच्या तरी घराच्या सगळ्या मालकांची सही लागते, तीही एकतीस मार्चच्या आत. नाहीतर समिती बांधकाम पाडणार. बाबांनी घर दोघींच्या नावावर विकत घेतलं तेव्हा आपण एकमेकींचं तोंड पाहणार नाही, हे त्यांना सुचलं नसावं.

मी मागच्या अंगणात स्वयंपाकघर बांधते आहे. तीन दगडांची चूल नव्हे. ओटा, शेगडी, बेसिन, वर पत्रा, खाली सिलिंडरचं हवेशीर कपाट, सगळं. नोकरीतून मोकळी झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, मी हे करते आहे. तुला आश्चर्य वाटेल, कारण मला साधा भात करता येत नाही असं तू सर्वांना सांगत असायचीस. आता येतो.

का बांधते ते ऐक. कुठल्याही घरात जा, ओटा भिंतीला चिकटलेला असतो. करणाऱ्या बाईचं तोंड भिंतीकडे आणि पाठ माणसांकडे. वर्गात शिक्षा झालेल्या पोराला उभं करतात तसं. पोराची शिक्षा तासाभरात संपते, हिची संपत नाही. हे कुणी ठरवलं? ज्याला कधी तिथे उभं राहायचं नव्हतं त्याने. म्हणून माझा ओटा कुंपणाच्या भिंतीपासून निघून अंगणाच्या मध्यापर्यंत येणार, आणि करणारी माणसांकडे तोंड करून उभी राहणार. समोर चार स्टुलं. टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनेसाठी मी तीस वर्षं व्यासपीठावरून बोलले. ज्याचं तोंड दिसतं त्याचंच लोक ऐकतात, एवढं मला कळतं.

हा विचार माझा आहे आणि नकाशाही माझाच. गवंडीबुवांनी त्यात एक चूक काढली. करणाऱ्याच्या उजव्या हाताला भिंत, आणि शेगडी नेमकी भिंतीला लागून. ते म्हणाले, “बाई, ढवळताना कोपर भिंतीवर आपटेल. सगळं उलटं काढलंय.” त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेगडी मोकळ्या टोकाला आणली, बेसिन भिंतीशी नेलं, नकाशा सुधारून घेतला. चूक दाखवली की मी सुधारते. सगळ्यांना हे जमत नाही.

सही कर. पत्र लिहायची गरज नाही.

ताई


२१ फेब्रुवारी

एका शब्दात पत्र लिहिणाऱ्या बाईस,

तुझं पाकीट मिळालं. सहीचा कागद कोरा. नकाशावर शिसपेन्सिलीने एकच शब्द: “उलटं.”

बस्स? अकरा वर्षांनी एवढंच? माझ्याकडे शब्दांची अशी टंचाई नाही, म्हणून सविस्तर उत्तर देते.

हो, मी उलटीच आहे. लहानपणी उलटं बोलते म्हणून मार खाल्ला. नोकरीत साहेबाला उलटं विचारलं म्हणून दोनदा बदली झाली. टपाल छाननीच्या खोलीत बायकांना बसायला स्टुलं नव्हती, आठ-आठ तास उभ्याने पत्रं लावायच्या. मी ती स्टुलं आणवली, आणि तीही उलटं बोलूनच. सरळ बोलून कुणाला काही मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि मी पुष्कळ वाचलं आहे. तेव्हा हा शब्द तू शिवी म्हणून लिहिला असशील तर मी तो पदकासारखा लावून फिरते.

काम थांबवलेलं नाही. परवा समितीचे सचिव आले. तू त्यांना ओळखतेस, कोपऱ्यावरच्या घरातले, पावसाळा असो नसो काखेत छत्री. पायाची चर पाहून म्हणाले, “ताई, दुसऱ्या मालकांची सही?”

“येईल.”

“नाही आली तर?”

“तर तुम्ही पाडायला या. मी इथेच असते.”

गवंडीबुवा थापी धुताना ऐकत होते. सचिव गेल्यावर म्हणाले, “काम थांबवू का?”

“तुम्हाला काम कुणी सांगितलं, मी की सचिवांनी?”

“तुम्ही.”

“मग?”

“मग काही नाही. पाडायला पण मलाच बोलावतील, म्हणून विचारलं. इथे दुसरा गवंडी नाही.”

हा माणूस कधी हसत नाही, त्यामुळे तो विनोद करतोय हे कळायला मला दोन दिवस लागतात.

ओट्याची उंची विचारली तेव्हा मी त्यांना “कोपराखाली चार बोटं” असं सांगितलं. ते म्हणाले, “कुणाच्या?” हा प्रश्न मला फार आवडला. बाजारातल्या तयार ओट्यांना कुणाचंच कोपर नसतं. मी म्हटलं, माझ्या. त्यांनी मला सरळ उभं केलं आणि बोटं लावून भिंतीवर खूण केली.

तू मात्र तिकडे समुद्राकाठच्या वसतिगृहात दीडशे पोरांचा स्वयंपाक करतेस असं ऐकते. पगारी. आनंद आहे. इथून भरल्या पंगतीतून, एक शब्द न बोलता, ओला एप्रन माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकून गेलीस. अडतीस माणसं जेवत होती. संप जिंकल्याचा दिवस होता तो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि तो तू नासवलास. त्याबद्दल मी तुला काही विचारलेलं नाही. आताही विचारत नाही.

सहीचा दुसरा कागद जोडला आहे. या वेळी शब्द नको, सही कर.

ताई


९ मार्च

बहिणीस,

कागद आलेला नाही. वाट पाहत नव्हतेच.

ओटा झाला. काळा दगड बसला. बुवांनी पाणसळ ठेवून दाखवली. तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध नव्हता, जरा बाजूला होता. मी म्हटलं, वाकडं झालं. ते म्हणाले, “उघड्यावरचा दगड अगदी सपाट ठेवला तर पाणी बसून राहतं. करंगळीभर उतार दिलाय. घरातलं आणि बाहेरचं काम सारखं नसतं.” चार दिवस दगडाखाली टेकू होते. काल काढले. आज शेगडी पेटवली आणि मी मक्याची कणसं भाजली. बुवांना समोरच्या स्टुलावर बसवलं. ते अवघडून बसले, हात मांडीवर, जसं काही फोटो काढायचाय. अर्धं कणीस झाल्यावर म्हणाले, “भाजणाऱ्याचं तोंड पहिल्यांदा पाहतोय. घाम फार येतो की.”

मी म्हटलं, “आमच्या बहिणीला इतका यायचा नाही.”

असं मी बोलले खरं. मग मनात आलं, हे मला कसं ठाऊक? तुझी पाठ मी पाहिली आहे. वेणी, एप्रनची गाठ, डाव्या टाचेवर रेललेलं वजन. घाम यायचा की नाही ते समोरून पाहायला हवं होतं.

आता एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर हातातलं पेन जड होतं. नकाशा माझा नाही. मोडकळीला आलेल्या जुन्या टेबलाचा खण साफ करताना एक पत्रक सापडलं. पुढच्या बाजूला माझं छापील नाव आणि विजयसभेची वेळ. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने ओटा, शेगडी, बेसिन, पत्रा आणि समोर चार गोल. “कोपराखाली चार बोटं” हेही तुझ्याच अक्षरात. माणसांकडे तोंड करून उभं राहायचं, हा मोठा विचार मी पहिल्या पत्रात तुला ऐकवला तो तुझाच होता. मी त्याला भाषण जोडलं. मी आयुष्यभर हेच करत आले, दुसऱ्यांच्या दुःखाला वाक्यं पुरवली. त्यात चोरी आहे असं मला वाटत नाही. पण नाव सांगायला हवं होतं.

तुला नकाशा पाहताच ओळखू आलं असणार.

तरीही मला वाटतं तुझा नकाशा चुकलाच होता. शेगडी भिंतीशी नको होती. आम्ही तो सुधारला तेच बरं झालं. बुवाही हेच म्हणतात आणि त्यांनी चाळीस वर्षं ओटे घातलेत.

उद्या तुझी जुनी भांडी माळ्यावरून काढणार आहे. नव्या फळ्या रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत.

ताई


११ मार्च

मुंगीस,

या नावाने आज अकरा वर्षांनी लिहिते आहे. आवडलं नाही तर खोड.

काल भांडी काढली. खोक्याच्या तळाशी तुझा मोठा डाव निघाला, पितळी, लांब दांड्याचा, ज्याने तू पातेलं खरवडायचीस. बुवांनी तो उचलला, उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला.

“हा कुणाचा?”

“बहिणीचा.”

“डावखुऱ्या आहेत का त्या?”

मी म्हटलं, “छे. उजव्या हाताने लिहिते.”

“लिहीत असतील. माझ्या आईचा डाव डाव्या कडेला झिजलाय, बायकोचा पण. हा उजवीकडे झिजलाय. वीसेक वर्षं तरी डाव्या हातात होता.” मग ते डाव घेऊन ओट्यामागे उभे राहिले आणि डाव्या हाताने हवेत ढवळून पाहिलं. शेवटी म्हणाले, “बाई, त्यांचा नकाशा बरोबर होता. उजवीकडे भिंत असली तर डावखुऱ्याला काय अडचण? त्याचा डावा हात तर मोकळाच. उलटं आपण केलंय.”

उलटं. तू नकाशावर लिहिलेलं तेवढंच होतं. मी त्यावर दोन पानांचं भाषण केलं.

मी आत गेले. पाणी प्यायले. आणि मग जे आठवलं ते अकरा वर्षांपूर्वीचं नव्हतं, फार आधीचं होतं. तू सात वर्षांची, मी अकरा. जेवणाच्या टेबलावर पाटी. बाबांची पट्टी. तू डाव्या हाताने काढलेला प्रत्येक ‘क’ बाबांना सांगणारी कोण होती? ‘बाबा, ही पुन्हा त्या हाताने लिहितेय.’ मला वाटायचं, मी तुला मदत करते आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत तू उजव्या हाताने लिहायला लागलीस, आणि घरात सगळे म्हणाले, सुधारली. मीही म्हणाले. नंतर मी ते विसरले. तू मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस, जिथे तुझा हात कुणी पाहत नव्हतं, आणि तिथे तो वापरलास.

म्हणजे मी तुला दोनदा सुधारलं. एकदा पट्टीने, एकदा दगडाने.

पंगतीचंही सांगते, तुला माहीत असलं तरी. तो पाहुणा, लांबच्या शाखेचा, हात चाटत म्हणाला, “जेवण कुणी केलं हो?” आणि मी उभी राहून म्हणाले, “संघटनेने.” टाळ्या पडल्या. तू दारात होतीस. मला दिसली होतीस. मी वाक्य बदलू शकले असते. टाळ्या चालू होत्या, म्हणून नाही बदललं. तू काहीच नासवलं नाहीस. दुसऱ्या पत्रातलं ते वाक्य मी मागे घेते. बाकीचं पत्र मागे घेत नाही, स्टुलं मी आणवली ते खरंच आहे.

आणि पत्रकाच्या मागे ते जे चार गोल आहेत, त्यातल्या एकात बारीक अक्षरात ‘ताई’ लिहिलंय. काल चष्मा लावून पाहिल्यावर दिसलं. ते सभेच्या दिवशीचं पत्रक आहे. म्हणजे त्या दिवसापर्यंत तुझ्या मनात मी समोर बसलेली होते.

माफी मागणारी पत्रं मला लिहिता येत नाहीत. साहेब लोकांची इतकी वाचली आहेत की त्या प्रकाराचा वीट आला. मी काय करते आहे ते कळवते. आज सकाळी मी बुवांना सांगितलं, फोडा.

ते म्हणाले, “दगड पण?”

“दगड जपून काढा. विटा फोडा. शेगडी भिंतीशी, बेसिन या टोकाला. त्या पत्रकावर आहे तसं. आणि तीन इंच खाली घ्या. ती माझ्या खांद्याला लागते.”

“सही आली का त्यांची?”

“नाही.”

“मग हे परत पाडायला मला परत बोलावतील.”

“या की. तुम्हाला काय, कामच मिळतंय.”

या वेळी विनोद मी केला होता आणि कळायला त्यांना वेळ लागला.

ताई


३० मार्च

मुंगे,

कागद आला. सहीसकट. सोबत एक ओळही नाही, पण आता मी तक्रार करत नाही, तुझे शब्द महाग असतात.

सही पाहून मी पायरीवर बसले. तुझं नाव, अक्षरं लहानमोठी, रेषेवरून घसरलेली, शेवटचा काना वर निसटलेला. मी तीस वर्षं लोकांची अक्षरं वाचून पोट भरलं. कुठल्या हाताची आहेत ती, हे मला कुणी सांगायला नको.

तसाच कागद घेऊन समितीच्या कचेरीत गेले. सचिवांनी खरेदीखताची प्रत काढली, दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या, चष्मा कपाळावर नेला आणि परत खाली आणला.

“ताई, ही जुळत नाही.”

“तिनेच केली आहे.”

“हे अक्षर सात वर्षांच्या पोरीचं वाटतं.”

“त्या हाताचं वय तेवढंच आहे,” मी म्हटलं. “सातव्या वर्षी त्याला लिहायची बंदी झाली. खरेदीखतावर आहे ती सही आमच्या वडिलांच्या पट्टीची. ही तिची.”

खोलीत आणखी तिघेजण पाण्याच्या बिलाच्या तक्रारी घेऊन बसले होते. ते माझ्याकडे बघायला लागले. समोर माणसं आणि मी उभी, म्हणजे पुढे काय होणार हे तुला सांगायला नको. पुरं भाषण तयार होतं. जुळणाऱ्या सह्यांच्या जोरावर जगात किती खोटेपणा चालतो, माणसापेक्षा कागदावर जास्त विश्वास कोण ठेवतं, सगळं जिभेवर आलं होतं. पण मी बोलले नाही. तुझ्या सहीवर मी आणखी एकदा टाळ्या घेतल्या असत्या.

सचिव वाईट माणूस नाहीत. छत्री कुरवाळत म्हणाले, “मला नियमाबाहेर जाता येत नाही. त्यांनी समक्ष येऊन माझ्यापुढे सही करावी. कुठल्या का हाताने करेनात. पंधरा एप्रिलपर्यंत थांबतो. त्यानंतर ओटा काढावा लागेल.” आणि मग हळूच, “खरंच दोनदा बांधलात म्हणे?”

“गरज पडली तर तिसऱ्यांदा बांधीन,” मी म्हटलं.

घरी येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सही जुळणार नाही, हे तुला ठाऊक होतं. खरेदीखतावर काय आहे ते तू विसरलेली नाहीस, तू काहीच विसरत नाहीस. उजव्या हाताने केली असतीस तर काम घरबसल्या झालं असतं. मुंगे, हा डाव मला कळला आहे. पितळी नव्हे, दुसरा.

तेव्हा माझंही ऐकून घे. “पुन्हा उजव्या हाताने सही करून पाठव” हे मी तुला लिहिणार नाही. ओटा पडला तर पडू दे. दुरुस्त केलेल्या सहीवर तो उभा राहणार नाही. पाडायला आले तर मी समोरच्या स्टुलावर बसून राहीन, त्यांना मला स्टुलासकट उचलावं लागेल. बुवांनाही सांगून ठेवलंय. ते म्हणाले, “स्टूल हलकंय, तुम्ही जड आहात.”

तोवर मी रोज तिथेच करते. ओटा ठेंगणा आहे, कंबर दुखते. ढवळताना उजवं कोपर भिंतीवर आपटतं, कातडी सोलवटली आहे. बुवा म्हणतात, भिंतीला कापड चिकटवून देतो. मी नको म्हटलं. एका बाजूला मोजलेल्या घरात दुसऱ्या बाजूच्या माणसाने इतकी वर्षं कशी काढली असतील, ते मला कोपराने कळू दे. पुस्तकातून कळत नव्हतं.

ओटा तुझ्या मापाचा आहे म्हणजे काम तुझ्या वाट्याचं आहे, असं समजू नकोस. चारही स्टुलं सारखी आहेत. आत कोण उभं राहायचं आणि समोर कोण बसायचं, हे या वेळी मी ठरवणार नाही.

तुझा डाव ओट्याच्या डाव्या टोकाला खिळ्यावर अडकवला आहे.

तुला काय करायचं ते तू ठरव. मी हात जोडणार नाही, तशी सवय नाही मला. मी फक्त वस्तुस्थिती कळवली.

ताई


२ एप्रिल

मुंगे,

तीस तारखेचं पत्र पेटीत टाकलं आणि लक्षात आलं, दोन पानं भरून लिहिलं, पण जे लिहायचं होतं ते त्यात कुठेच नव्हतं. तुझ्यासारखं एका शब्दात लिहून पाहते.

ये.

ताई